टोपी सगळ्यात शेवटी: ठासणीचं रिव्हॉल्व्हर झाडायचं तर

विचारणारे गृहस्थ ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले, ए. जी. (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेले. लेक-जावई पेनसिल्व्हेनियात असतात आणि उन्हाळ्यात हे पती-पत्नी तिकडे निघाले आहेत. जावईबापू एका क्लबात जुन्या धर्तीचं, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारं रिव्हॉल्व्हर झाडतात. सासऱ्यांनीही एकदा हात चालवून बघावा असा त्यांचा आग्रह आहे. प्रश्न तीन: यात धोका कितपत, शिकायचं काय काय, आणि घरच्या माडीवर पणजोबांचं एक ठासणीचं पिस्तूल आहे, ते खंडेनवमीला पूजेसाठी खाली येतं, त्याच्यावर इथेच थोडा सराव करता येईल का.

मीही मूळचा लष्करचाच. नोकरीनिमित्त बरीच वर्षं ओहायोत राहिलो. तिथल्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात आधी नेमबाज म्हणून गेलो आणि पुढे रेंज ऑफिसर झालो. उत्तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ते आजच कळायला हवं.

घरच्या पिस्तुलावर सराव करायचा नाही. त्याचा घोडाही ओढून बघायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत टांगलेल्या कित्येक बंदुका भरलेल्या अवस्थेतच टांगल्या गेल्या आहेत. ठासणीचा बार एकदा भरला की तो काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे झाडणं. ते राहून गेलं, माणूस गेला, बंदूक भिंतीवर राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीसुद्धा पेट घेते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते साधं मिश्रण आहे, ७५, १५ आणि १० टक्के असं साधारण प्रमाण. त्यात कालांतराने आपोआप मरून जाण्यासारखं काही नाही. म्हणून खंडेनवमीला ते पाटावर मांडताना नळी कोणाच्याही दिशेने नको, नातवंडांच्या हातात नको, आणि 'बघू तरी चालतो का' म्हणून चाप तर मुळीच ओढायला नको. आत बार आहे की नाही हे कळायला एक जुनी रीत आहे: पातळ लाकडी काठी नळीत हलकेच सोडायची, तोंडापाशी खूण करायची, आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून आतलं टोक कानापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या बत्तीच्या छिद्रापर्यंत, पोचतं का ते पाहायचं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ही रीत माहीत असावी म्हणून सांगितली. करायची मात्र परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याने, तुम्ही नाही. आत काही असल्याची शंका आली तर खरवडणं, ठोकणं, पाणी-तेल ओतून मोकळं करणं, यातलं काही घरी करू नका.

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५व्या कलमात जुन्या धर्तीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे. पण ती ते शस्त्र दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. म्हणजे 'जुनं आहे, शोभेचं आहे' एवढं पुरत नाही. पिस्तूल झाडण्याजोगं असेल आणि कागदपत्रं नसतील, तर कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत वकिलामार्फत रीतसर चौकशी करा. दारूवर वेगळा, १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे नियम आहेत. शेतावर किंवा घराच्या मागच्या अंगणात केलेला सराव या सगळ्यात कुठेच बसत नाही.

आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागाबद्दल एक गोष्ट इथेच बोलून टाकतो, कारण मनात सलते. वरातीत हर्ष फायर करताना छतावरची बाई, मांडवातलं पोर, कधी खुद्द नवरदेव जखमी झाल्याच्या बातम्या आपण वाचत मोठे झालो. २०१९च्या दुरुस्तीने या प्रकाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली, ते फार योग्य झालं. तिकडच्या क्लबात जाऊन तुम्हाला पहिली गोष्ट जाणवेल ती हीच, की बंदूक आणि उत्साह यांची तिथे पूर्ण फारकत केलेली असते. तीच सवय घेऊन परत या.

इथे सराव करायचाच असेल तर एअर पिस्तूल घ्या. ४.५ मिलिमीटर बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर २०१६च्या नियमांप्रमाणे त्याला परवाना लागत नाही. एखाद्या रेंजवर प्रशिक्षकाच्या हाताखाली मनगट स्थिर ठेवणं, नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसवून नेम धरणं, चाप हळू दाबणं एवढं शिकून गेलात तर तिकडे तुमचं अर्धं लक्ष मोकळं राहील, आणि त्या रिव्हॉल्व्हरला ते अर्धं लक्ष हवंच असतं.

आता तिकडचा कायदा. तुम्ही पर्यटक व्हिसावर जाणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावरच्या पाहुण्याला 'फायरआर्म' किंवा त्याची काडतुसं बाळगायला मनाई आहे. हातात घेणंही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत. पण त्याच कायद्यात, १९६८पासून, 'अँटीक' शस्त्रं फायरआर्मच्या व्याख्येतूनच वगळली आहेत: १८९८ किंवा त्याआधी बनलेली, आणि त्यांच्या अशा नव्या प्रतिकृती, ज्यांत तयार काडतूस चालत नाही, फक्त सुटी काळी दारू किंवा तिचा पर्याय भरता येतो. जावईबापूंकडे आहे तसलं टोपी-गोळीचं, म्हणजे काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी लागणारं, रिव्हॉल्व्हर या सवलतीत येतं. म्हणून जावईबापूंचं ते रिव्हॉल्व्हर झाडणं आणि त्याच टेबलावरचं त्यांच्या मित्राचं काडतुसाचं पिस्तूल झाडणं, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने अगदी निराळ्या आहेत. दुसरं कोणी प्रेमाने पुढे केलं तरी नम्रपणे नाही म्हणा. या जुन्या रिव्हॉल्व्हरांना काडतुसं चालवणारा बदली सिलिंडरही मिळतो. तो बसवला की सवलत संपते. शिवाय राज्याचा कायदा वेगळा असतो. पेनसिल्व्हेनियाला लागून असलेल्या न्यू जर्सीचे नियम बरेच कडक आहेत, त्यामुळे क्लब दोन्ही राज्यांच्या मधल्या नदीच्या अलीकडे आहे की पलीकडे हेसुद्धा विचारा, आणि पाहुणा म्हणून तुम्ही चालता का याचं उत्तर क्लबाकडून लेखी घ्या.

आता मुख्य विषय.

हे रिव्हॉल्व्हर म्हणजे ठासणीचे सहा बार एका सिलिंडरमध्ये शेजारी शेजारी. काडतूस नाही. प्रत्येक चेंबर पुढून उघडं, मागे छोटं निपल, म्हणजे आरपार छिद्राची बारीक नळी. पुढून दारू, तिच्यावर गोळी, दांड्याने ठासायची. मागे निपलवर तांब्याची टोपी. घोडा टोपीवर पडला की ठिणगी निपलमधून आत जाते. सॅम्युअल कोल्टने १८३६मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच रचनेचं. आज बाजारात दिसतात त्या बहुतेक इटलीत बनलेल्या प्रतिकृती: कोल्टचं १८५१चं नेव्ही, १८६०चं आर्मी, आणि रेमिंग्टनचं ज्याला लोक '१८५८' म्हणतात ते, कारण त्यावर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख आहे.

जावईबापूंकडे दोन्ही असतील तर पहिल्या दिवशी रेमिंग्टन मागा. त्याच्या सिलिंडरवरून फ्रेमची पट्टी जाते, त्यामुळे ते अंगाने भक्कम. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन निपलांच्या मध्ये घोडा विसावायला खाचा दिल्या आहेत, म्हणजे घोडा टोपीवर टेकून राहत नाही. कोल्टमध्ये त्या कामासाठी बारीक खुंट्या असतात आणि त्या झिजतात. कोल्टचा दुसरा त्रास फुटलेल्या टोपीचा: तिचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडतो आणि यंत्र अडतं. हातात कोल्ट फार सुंदर बसतं, ते मी मान्य करतो, पण नवशिक्याला रेमिंग्टनच. पितळी फ्रेमचं स्वस्त मॉडेल असेल तर त्यात कमी बारच भरावा. पितळ हळूहळू ताणलं जातं. पोलादी फ्रेम उत्तम.

दारूबद्दल एक नियम असा आहे ज्याला अपवादच नाही: यात फक्त काळी दारू, किंवा तिच्या जागी वापरण्यासाठीच बनवलेली पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारखी पूड. आधुनिक काडतुसांत असते ती धूरविरहित पूड चिमूटभरसुद्धा नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब हे सिलिंडर झेलू शकत नाही. ते हातात फुटतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, दोन्ही काळपट दिसू शकतात. मूळ डबा, मूळ लेबल, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. लेबल नसलेली पूड कितीही ओळखीची वाटली तरी ती टाकून द्यायचीच. रिव्हॉल्व्हरला दाण्याचा आकार तीन एफचा लागतो. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक.

माप आकारमानाने घेतात, ग्रेन या एककात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. ०.३६ इंची नेव्हीला १५ ते २० ग्रेन आणि ०.४४ इंची आर्मीला २० ते २५ ग्रेन, एवढ्यात कागदावर उत्तम नेम लागतो. पहिल्या दिवशी याहून जास्त नको, आणि त्या रिव्हॉल्व्हरला कंपनीने दिलेली जास्तीत जास्त मर्यादा पुस्तिकेत वाचूनच भरा. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरदार असते, म्हणून तिचं माप कमी धरावं लागतं.

दारू कुपीतून सरळ चेंबरमध्ये ओतायची नाही. कुपीला पितळी नळी असते, बोट लावून उलटी केली की माप भरतं, आणि सिनेमातले लोक तीच नळी चेंबरला लावतात. मागच्या बारातली धगधगती राख चेंबरमध्ये उरली असेल तर ओतलेली दारू पेटेल, आणि वर जोडलेली पूर्ण कुपी हातात असेल. म्हणून कुपीतून आधी वेगळ्या मापात, कुपी बंद करून दूर, मग मापातून चेंबरमध्ये. यात अर्धा मिनिट जास्त जातो. या खेळात घाई करायला कारणच नाही: ठासणीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, एमएलएआयसीच्या, स्पर्धेत 'मारिएत' नावाचा याच रिव्हॉल्व्हरचा २५ मीटरचा प्रकार आहे, त्यात १३ बारांना ३० मिनिटं मिळतात आणि त्यातले चांगले १० धरतात. जगातले सर्वोत्तम नेमबाज एका बाराला दोन मिनिटं घेतात.

भरण्याचा क्रम आता सांगतो, आणि तो कधी मोडायचा नाही.

आधी सिलिंडर कोरडा करायचा. साठवताना लावलेलं तेल चेंबरमध्ये किंवा निपलमध्ये राहिलं तर दारू ओली होते. पुसून झाल्यावर रिकाम्या चेंबरवर एकेक टोपी लावून, लक्ष्याच्या दिशेने, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून उडवायची. पातं हललं तर वाट मोकळी. मग टोप्यांचे तुकडे झटकायचे, चेंबरमध्ये डोकावून सगळं रिकामं असल्याचं बघायचं.

मग रिव्हॉल्व्हर भरण्याच्या स्टँडवर उभं, तोंड वर आणि थोडं पुढे झुकलेलं, आपल्या चेहऱ्यापासून दूर. पहिल्या चेंबरमध्ये मापाची दारू. तिच्यावर वंगण लावलेली लोकरी नमद्याची चकती. तिच्यावर शुद्ध शिशाची गोल गोळी. ती चेंबरपेक्षा किंचित मोठी असते: ०.४४ इंची बोअरला ०.४५१ किंवा ०.४५४ इंची, ०.३६ला ०.३७५ किंवा ०.३८० इंची. दांड्याने दाबली की चेंबरच्या कडेवर शिशाची बारीक कडी कापली जाते. ती कडी दिसली पाहिजे. दिसली म्हणजे गोळी चेंबरला घट्ट बसली. दिसली नाही तर गोळी लहान आहे, थांबा आणि नंबर तपासा. जुन्या चाकांच्या वजनांचं शिसं कठीण असतं, ते यात नको. दांडा वाकतो आणि गोळी नीट बसत नाही. नळीच्या तोंडावर हात न आणता, दर वेळी सारख्या जोराने, गोळी दारूला टेकेपर्यंत ठासायची.

टेकेपर्यंत म्हणजे मध्ये हवा अजिबात नको. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर दाबाचा झटका चेंबरला फुगवू शकतो. कमी दारू घातली की गोळी खोल जाते, दांडा तिथवर पोचत नाही, आणि तीच पोकळी उरते. त्यावर तिकडचे जाणते नेमबाज दारूवर थोडा रवा घालतात, आपल्या उपम्याचा कोरडा रवा. बार लहान राहतो, जागा भरून निघते, गोळी चेंबरच्या तोंडाजवळ बसते आणि नेमही सुधारतो. गोळी चेंबरच्या कडेच्या आतच बसलीय ना, हे बघा. बाहेर डोकावली तर सिलिंडर फिरणार नाही.

आता चेन फायर, ज्याच्या भीतीने लोक याच्या जवळ येत नाहीत. एक बार उडाला आणि त्याच्या ज्वाळेने शेजारचेही पेटले, तर दोन-तीन बार एकदम सुटतात. नळीसमोरचा सोडून बाकीचे नळीबाहेरून जातात. लोक समजतात की ज्वाळा पुढून, गोळीच्या कडेने शिरते, म्हणून गोळीवर वंगण फासलं की झालं. ते फासायला हरकत नाही, पण माझं मत असं की शिशाची पूर्ण कडी कापली गेली असेल आणि चकती असेल, तर पुढची वाट जवळजवळ बंद झालेलीच असते. मागची वाट मात्र लोक विसरतात. टोपी सैल असेल, तर झटक्याने शेजारची टोपी गळते, उघड्या निपलवर ज्वाळा पोचते. म्हणून टोपीचा नंबर निपलला जुळला पाहिजे, १० की ११ हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा आणि हाताने खात्री करा. सैल टोपी चिमटून बसवायची सवय सर्रास दिसते. मला ती पसंत नाही. नीट बसणारी निपलं बाजारात मिळतात, ती घ्यावीत. गोळीवरचं वंगण जानेवारीतल्या खोबरेल तेलाइतकं घट्ट हवं. मधमाशीचं मेण आणि ऑलिव्हचं तेल मिसळून छान होतं. पुष्कळ लोक जनावरांची चरबी वापरतात, तुम्हाला नको असेल तर जावईबापूंना आधी सांगा. १८५७च्या काडतुसांची आठवण असलेल्या आपल्या गावच्या माणसाने ते विचारणं स्वाभाविक आहे. खनिज ग्रीस मात्र नको, त्याचा काळ्या दारूबरोबर डांबरासारखा लगदा होतो.

सहापैकी पाचच चेंबर भरा. घोडा रिकाम्या चेंबरवर. रेमिंग्टनला खाचा आहेत हे खरं, तरी पाच. आणि पहिल्यांदा तर पाचही नको: एकच चेंबर भरा, झाडा, परत या. दोन-तीन वेळा असं झाल्यावर मग पाच.

टोपी सगळ्यात शेवटी. या रिव्हॉल्व्हरच्या सुरक्षिततेचं बहुतेक सगळं या एका गोष्टीत आहे. टोपी नसेल तोवर आतली दारू स्वतःहून पेटायला वाट नसते. टोपी बसली की ते भरलेलं शस्त्र झालं. म्हणून भरणं टेबलावर, पण टोप्या फक्त फायरिंग लाइनवर, रेंज सुरू झाल्याची आज्ञा मिळाल्यावर, नळी लक्ष्याकडे ठेवून. कोणी पुढे कागद बदलायला गेलं असेल तर टोपीचा डबासुद्धा उघडायचा नाही. टोपी अंगठ्याने दाबून बसवू नका, दाबाने ती उडू शकते. लाकडी काडीने हलके दाबा. आणि टोप्यांचा सगळा डबा उघडा ठेवून शेजारी बसायचं नाही, लागतील तेवढ्याच बाहेर.

कपडे सुती, गळ्याशी बंद. टोपीचे गरम तुकडे कॉलरमध्ये जातात. डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी, डोळ्यांना बाजूंनी झाकणारा सुरक्षा चष्मा, साध्या चष्म्यावरून बसणारा मिळतो. कानांत बोळे आणि वर कर्णावरणही. या वयात राहिलेली श्रवणशक्ती जपायची असते. हातात धरताना डावा हात मुठीखाली किंवा मुठीभोवतीच. बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही नकोत, कारण सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून बाजूला ज्वाळा आणि शिशाचे कण उडतात. म्हणून तुमच्या अगदी शेजारी कोणी उभं नको, फोटो काढणारी लेकसुद्धा मागेच.

बार उडाल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठतो, लक्ष्य दिसेनासं होतं. काळ्या दारूच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राखच होतो, त्याचा हा धूर. त्या क्षणी नळी हलते ती बघण्याच्या उत्सुकतेने. हलू देऊ नका. धूर विरेपर्यंत तसेच उभे राहा. काही जण कोल्टचा घोडा ओढताना नळी आकाशाकडे करतात, म्हणजे टोपीचे तुकडे मागे गळून पडतात. युक्ती जुनी आहे, पण रेंजवर मी ती करू दिली नाही. नळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाच्या वर गेली की गोळी कुठे जाईल हे कोणाच्या हातात राहत नाही.

घोडा पडला आणि काही झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. ओलसर दारू उशिरा पेटते. मिनिटानंतर नवी टोपी, पुन्हा एकदा. तरीही नाही तर रेंज ऑफिसरला हाक मारा. दारू घालायची राहिली असण्याचा संभव असतो, आणि ती गोळी काढायचं काम त्यांचं. त्याहून जास्त लक्ष द्यायचा आवाज म्हणजे 'फुस्स'. बार नेहमीपेक्षा दबका वाटला की पुढचा झाडायचा नाही, काही झालं तरी. गोळी नळीत अडकली असेल, आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फाटते. टोप्या काढा, सिलिंडर काढा, गज घालून नळी मोकळी असल्याचं बघा. 'सीझ फायर' असं कोणीही ओरडलं, अगदी पोरानेही, तर त्याच क्षणी थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

शिसं हा सावकाश त्रास देणारा धोका आहे. लाइनवर खाणं-पिणं नाही, मुलीने डब्यात काही दिलं असेल तर हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा आणि नातवंडांना जवळ घेण्याआधी आंघोळ करा.

सफाई त्याच दिवशी. ही राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि रात्रीत लोखंडाला गंज धरतो. सिलिंडर काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब, निपलं काढून त्यांची छिद्रं साफ, कडक वाळवणं, मग पातळ तेलाचा हात. जावईबापू हे करतील. तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. शस्त्र उघडून बघितल्याशिवाय त्याचा क्रम मनात पक्का होत नाही, आणि सासऱ्या-जावयांच्या बोलण्याला इतकी निवांत जागा क्वचितच मिळते.

परत येताना एक जपा. दारू आणि टोप्या विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. आठवण म्हणून खिशात टाकलेली टोपी, शिशाची गोळी, कोणी दिलेलं रिकामं काडतूस, यातलं काही सामानात नको. दिल्लीत उतरल्यावर तपासणीत ते सापडलं तर सुटताना दमछाक होते. ज्या बॅगेतून रेंजचं सामान नेलं ती बॅग परतीला वापरूच नका, आणि जाकिटाचे खिसे निघण्याआधी उलटे करून झटका.

जावईबापूंना रिव्हॉल्व्हरचं मॉडेल, बनवणारी कंपनी आणि फ्रेम पोलादी की पितळी हे विचारून ठेवा, पुस्तिकेच्या दारू-गोळीच्या पानाचा फोटोही मागवा. ते कळवलंत तर गोळीचा आणि टोपीचा नंबर मी त्या पानाशी ताडून सांगतो.